आवाज जाण्याआधीचा बुधवार

दादाचं ऑपरेशन गुरुवारी सकाळी होतं आणि बुधवारी संध्याकाळी आम्ही नेहमीसारखे मासे खायला गेलो. हे सांगितलं की लोकांना विचित्र वाटतं. पण गुरुवारी मासळी बाजाराला सुट्टी असते, म्हणून बुधवारची संध्याकाळ ही वीस-बावीस वर्षं आमची बाहेर जेवायची वेळ. दादा, वहिनी आणि मी. वहिनींनी डॉक्टरांना विचारलं, तर त्यांनीही हरकत घेतली नाही. रात्री दहानंतर पोटात पाणीसुद्धा नको, एवढंच म्हणाल्या.

दादा बाजारात लिलाव पुकारायचा. पहाटे बोटी धक्क्याला लागल्या, टोपल्या ओळीने मांडल्या गेल्या, की तो एका उलट्या खोक्यावर चढून सुरू करायचा. एकतीस वर्षं. बाजारामागच्या गल्लीत कुणी घड्याळाचा गजर लावत नसे. दादाचा पहिला पुकारा ऐकला की बायका दूध तापत ठेवायच्या. तो इतका भरभर बोलायचा की नवख्या माणसाला एक अक्षर कळत नसे, पण त्याने पुकारलं एक आणि लिहिलं दुसरं, अशी तक्रार कधी कुणी केली नाही. तोंडातून गेलेला शब्द म्हणजे शब्द. बाजारात त्याची हीच पत होती आणि घरातही.

मागच्या हिवाळ्यात त्याचा आवाज बसला. सर्दी आहे, जाईल, म्हणत त्याने चार महिने गोळ्या चघळल्या, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या. मग एकदा थुंकीत रक्त दिसलं आणि वहिनींनी त्याला जवळजवळ ओढत दवाखान्यात नेलं. मी बरोबर होते. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या की स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल, श्वासासाठी गळ्याला भोक राहील. जीव वाचेल, आवाज जाईल. यंत्र लावून बोलायला शिकवतात, पण ते सगळ्यांना जमतंच असं नाही. दादाने बराच वेळ विचार केला आणि विचारलं, "मग शिंक कुठून यायची?" बाई हसल्या. वहिनी हसल्या नाहीत.

आम्ही तिघं भावंडं. दादा थोरला, मी मधली, आणि माझ्यानंतर सहा वर्षांनी झालेला धाकटा. माझं चष्म्याचं दुकान आहे, मी एकटी असते. धाकटा बोटींवर शीतगृहाची यंत्रं सांभाळायचा. सहा-सहा महिने समुद्रावर. आईचा जीव त्याच्यात. दादा रोज तिच्या औषधांच्या वेळा पाळायचा, तिचे पाय चेपायचा, आणि आई त्याला विचारायची, "धाकट्याचा काही निरोप?"

आठ वर्षांपूर्वी आईला ताप आला आणि तो छातीत उतरला. सगळं मिळून तीन दिवसांचा खेळ. पहिल्याच संध्याकाळी दादा म्हणाला की त्याने कंपनीच्या ऑफिसात फोन करून निरोप ठेवलाय, ते बोटीवर कळवतील, धाकटा जवळच्या बंदरात उतरून निघेल. आम्ही आईला तसं सांगितलं. मीही सांगितलं. तिसऱ्या दिवशी पहाटे आई गेली. धाकटा आला तो पाच दिवसांनी, तेही त्याने सहज घरी फोन केला आणि शेजारणीने उचलून त्याला सांगून टाकलं म्हणून. त्याच्यापर्यंत निरोप पोचलाच नव्हता. त्याने कंपनीत विचारलं, तर ते म्हणाले, असा काही फोनच आला नाही. घरात भेटायला आलेली माणसं बसली होती, त्यांच्यासमोर धाकट्याने दादाला विचारलं. दादा आपल्या त्या बाजारातल्या आवाजात म्हणाला, "आईपेक्षा नोकरी मोठी होती, तेव्हा नव्हती काळजी. आता माझ्यावर कशाला खापर?"

तेव्हापासून दोघांचा अबोला. पुढे धाकट्याने समुद्र सोडला, आमच्याच भागात बर्फाच्या कारखान्यात कामाला लागला, चार गल्ल्या पलीकडे घर केलं. पण दादा समोरून आला की तो रस्ता ओलांडायचा. मी दोघांकडेही जायची. मनातल्या मनात मी कंपनीलाच दोष दिला होता. मोठ्या ऑफिसात निरोप हरवतात, असतं असं. दादा खोटं बोलेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही, आणि धाकटा खोटं बोलतोय असंही मला म्हणवत नव्हतं. मधल्या माणसाला अशीच काहीतरी सोय करून घ्यावी लागते.

त्या बुधवारी दुपारी दुकान बंद करून मी कारखान्यात गेले. वहिनींनीच पाठवलं होतं. धाकटा एका कॉम्प्रेसरपुढे गुडघ्यांवर बसला होता, कोपरापर्यंत तेल. मी त्याला सगळं सांगितलं. गळा, ऑपरेशन, उद्या सकाळी. तो पान्याने एक नट आवळत राहिला, आवळून झालेला होता तरी.

"उद्यापासून तो बोलणार नाही," मी म्हणाले. "तुला त्याच्या तोंडून काही ऐकायचं असेल, तर आजची संध्याकाळ आहे."

तो म्हणाला, "बघतो." मग मी दारापर्यंत आल्यावर त्याने मागून विचारलं, किती वाजता.

आमचं बुधवारचं ते खाणावळवजा हॉटेल बाजाराच्या कोपऱ्यावर आहे. चौदा टेबलं. दारातच बर्फावर मासळी मांडलेली, बाजूला फळ्यावर खडूने त्या दिवशी काय काय आलंय ते. मालकिणीला सगळे कॅप्टनबाई म्हणतात, कारण ती गल्ल्यावर बसत नाही, दोन्ही हात कमरेवर ठेवून मध्ये उभी राहते आणि सगळीकडे बघते. बुधवारी तिथे मुंगीला शिरायला जागा नसते. त्या दिवशी खिडकीजवळ टपाल खात्यातल्या दहाजणांची टोळी बसली होती, कुणाची तरी बढती झाली होती. आमच्या मागच्या टेबलावर एक लहान मुलगी अडकित्त्याने खेकड्याची नांगी फोडत होती आणि दर वेळी तिचे आजोबा घाबरल्याचं नाटक करत होते. भांडी, पंखे, तव्यावर तेलाचा चर्र आवाज, आणि त्या सगळ्यावर ओरडून बोलणारी माणसं.

कुणालाही काही ठाऊक नव्हतं. दादाने बजावलं होतं की कुणाला सांगायचं नाही. त्यामुळे सगळं नेहमीसारखं झालं. तिथे एक प्रथाच पडून गेली होती: एखाद्या टेबलावर मोठा अख्खा मासा आला की दादाने बसल्या जागेवरून एक पुकारा करायचा, खोटा खोटा लिलाव, आणि सगळ्यांनी टाळ्या पिटायच्या. टपालवाल्यांचा मासा आला तशी त्यांनी हाका सुरू केल्या. दादाने हात हलवून नको म्हटलं. ते ऐकेनात. त्याने पुन्हा मान हलवली. तेव्हा त्यांच्यातला एकजण उठून म्हणाला, "आज काय झालंय साहेबांना? भाव पुकारत नाहीत, नुसता भाव खातायत." सगळं हॉटेल हसलं. दादाही हसला. वहिनींनी टेबलाखाली त्याच्या गुडघ्यावर हात ठेवलेला मी पाहिला.

आम्ही भाजलेला बांगडा मागवला होता आणि शिंपल्यांचं सूप, कारण दादाला गिळायला सूप बरं पडायचं. चौथी खुर्ची मी पर्स ठेवून अडवून धरली होती. कॅप्टनबाई दोनदा ती मागायला आली. दादाने विचारलं कोण येणार आहे, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "येईल तेव्हा कळेल." तो समजला असावा. त्यानंतर त्याने सुपाला हात लावला नाही.

साडेसात वाजून गेल्यावर धाकटा आला. हात धुतले होते, तरी नखांत तेल होतं. दारात थोडा वेळ उभा राहिला, मग टेबलांमधून वाट काढत येऊन, माझी पर्स उचलून माझ्या मांडीवर ठेवून, बसला. वहिनींनी त्याला ताट वाढलं. त्याने भाकरीचा तुकडा मोडला आणि हातातच ठेवला. मला वाटलं, बस, एवढं झालं तरी पुष्कळ. एका टेबलावर बसले, जेवले, उद्या हा ऑपरेशन थिएटरबाहेर माझ्याशेजारी उभा राहील. आणखी काय पाहिजे? मी अगदी खुळ्यासारखी खूश झाले होते. धाकट्याला बांगड्याचा पोटाकडचा भाग आवडतो, तो मी त्याच्या ताटात सरकवला.

दादा पाणी प्यायला आणि पुढे वाकला. त्याचा आवाज तेव्हा कागद चुरगळावा तसा झाला होता. तो धाकट्याला काहीतरी म्हणाला. मागच्या मुलीने नेमकी तेव्हाच नांगी फोडली आणि टपालवाले हसले, पण मी दादाच्या शेजारीच होते, मला ऐकू आलं. ऐकू आलं तरी मला कळायला वेळ लागला.

धाकटा त्याच्याकडे बघत होता. आठ वर्षांत पहिल्यांदा तो दादाशी बोलला ते एवढंच: "परत सांग."

दादाने गळ्यावर हात ठेवला. त्याला जोर लावावा लागला. "कंपनीला मी फोन केला नव्हता. केलाच नव्हता. आईला सांगितलं, तो निघालाय. दोन दिवस ती दाराकडे बघत होती."

वहिनींच्या हातातला चमचा सुपात तसाच राहिला. त्यांनाही माहीत नव्हतं. त्या त्याच्याकडे अशा बघत होत्या, जणू ओळखीच्या खोलीत कुणीतरी भिंत हलवली आहे.

धाकट्याने विचारलं, "का?"

मला वाटलं दादा म्हणेल की ती बरी होईल असं वाटलं होतं, उगाच तुला कशाला घाबरवायचं. तसं तो म्हणाला असता तर ते अर्धं खरंही ठरलं असतं. पण तो म्हणाला, "मी राहिलो होतो तिच्याजवळ. सगळी वर्षं मी राहिलो. मला वाटलं, शेवटी तरी ती माझ्याकडे बघेल." खोकून तो म्हणाला, "तिने नाही बघितलं. दाराकडेच बघत राहिली."

त्या दोन दिवसांत मी आईच्या उशाशी बसून कितीदा म्हणाले होते, येतोय ग, निघालाय, पोचेलच. तिने एकदा माझा हात दाबला होता. आठ वर्षं मी तो दाब आठवून स्वतःला बरं वाटून घेत होते, की निदान आशेवर गेली. आता त्या टेबलावर बसून मला त्या हाताचं काय करावं ते कळेना. मी तो मांडीवरच्या पर्समध्ये खुपसला. अगदी खरं सांगते, पर्सची चेन उघडून आत हात घातला आणि तसाच ठेवला.

धाकटा ओरडला नाही. त्याने हातातला भाकरीचा तुकडा ताटाच्या कडेला ठेवला, वहिनींना म्हणाला, "येतो वहिनी," आणि उठला. कॅप्टनबाईने त्याला दारात अडवून काहीतरी विचारलं, बहुधा एवढ्यात निघालास, जेवण आवडलं नाही का. त्याने तिला वाकून नमस्कार केल्यासारखं केलं आणि बाहेर गेला. दादाने त्याला हाक मारली नाही.

आम्ही तिघं बसून राहिलो. शेजारी टपालवाल्यांनी गाणं सुरू केलं होतं. मला दादाचा इतका राग आला होता की त्या रागाची मला लाज वाटत होती, कारण उद्या त्याचा गळा कापणार होते. शेवटी मी विचारलंच, की आजच का, आज तो आला होता, आज नुसतं जेवला असतास तर काय बिघडलं असतं.

तो म्हणाला, "तोंडाने केलेलं, तोंडानेच सांगायला हवं. उद्या ते नसणार."

मग वहिनींनी बांगडा आपल्या ताटात ओढला, काटे काढले, आणि काढलेला मासा त्याच्यापुढे ठेवला. दहानंतर त्याला काही खायचं नव्हतं, आणि त्यानंतर किती दिवस नळीने जेवण असणार होतं कोण जाणे. तो खायला लागला. हळूहळू, एकेक घास. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो खात होता. निघताना त्याने कॅप्टनबाईला सांगितलं की मासा ताजा होता. ती म्हणाली, मग, तुमच्याच बाजारातला.

मासा ताजा होता, हे दादाच्या तोंडचे शेवटचे शब्द असं मी बरेच दिवस धरून चालले होते, पण वहिनींनी नंतर सांगितलं की सकाळी स्ट्रेचरवर झोपवून नेताना त्याने विचारलं होतं, स्वयंपाकघराची खिडकी लावली का. त्यांनी हो म्हटलं. लावलेली नव्हती.

ऑपरेशन चांगलं झालं. सहा तास लागले. थिएटरबाहेर वहिनी आणि मी, दोघीच. धाकटा आला नाही, ना त्या दिवशी, ना पुढच्या तीन आठवड्यांत. मी त्याच्याकडे गेले. मला माफी मागायची होती, मीही आईला तेच खोटं सांगितलं होतं. तो म्हणाला, "ताई, तुला ते खरं वाटत होतं. तुझं काय त्यात." त्याने चहा केला. चहा पिताना म्हणाला की आठ वर्षं तो मनात भांडण तयार करत होता, दादा काय म्हणेल, मग आपण काय म्हणायचं. आता त्याच्याकडे बोलायला सगळं होतं. "पण समोरच्याला उलट उत्तर देता येत नसेल, तर त्याच्याशी भांडायचं कसं? ते मारल्यासारखं होईल." एवढं बोलून तो कप विसळायला उठला.

दादा घरी आला. गळ्यावर पातळ कापडाची पट्टी, त्यामागे ते भोक. ते बोलायचं यंत्र त्याला जमलं नाही. दोन महिने शिकवणीला गेला, मग एक दिवस ते डब्यात ठेवून दिलं. वहिनी सांगतात की त्या आवाजाची त्याला भीती वाटायची. बाजारात नवा माणूस आला. दादा पहाटे त्याच वेळी उठायचा आणि खिडकीशी बसून ऐकायचा; पुकारा अस्पष्ट ऐकू यायचा. वहिनी त्या दिवसांत त्याच्याशी फार बोलत नव्हत्या. औषधं देत होत्या, पट्टी बदलत होत्या, भोक साफ करत होत्या, सगळं अगदी वेळच्या वेळी. पण मी एकदा त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, "मी एका माणसाशी लग्न केलं होतं, ताई. तो असं करेल असं वाटलं नव्हतं. वेळ लागेल मला." त्यांना बराच वेळ लागला.

पावसाळ्याआधी त्यांचा फ्रिज बंद पडला. दादाची इंजेक्शनं त्यात होती. वहिनींनी कुणालाही न विचारता धाकट्याला फोन केला. तो हत्यारांची पेटी घेऊन आला, मागचं झाकण उघडून दोन तास जमिनीवर बसला. दादा खुर्चीवर. मी त्या दिवशी तिथेच होते. दादा आता बोलायचं ते एका पाटीवर लिहायचा; त्याने तिच्यावर "चहा?" असं लिहून पुढे केली. धाकट्याने वाचलं आणि म्हणाला, "नको." काम झाल्यावर वहिनींना सांगितलं की दाराचं रबर गेलंय, मंगळवारी घेऊन येतो.

मंगळवारी तो आला, रबर बसवलं. पेटी उचलून निघाला, आणि दारातून परत फिरला. दादासमोर उभा राहिला. "आईला कुठे ठेवलं होतं? आतल्या खोलीत की बाहेरच्या?"

दादाने लिहिलं: बाहेरच्या. हवा येते म्हणून.

"दुखत होतं तिला?"

दादाने पाटी पुसली, लिहायला लागला, पाटी पुरेना. मग वहिनींनी मागच्या वर्षाची एक डायरी आणून दिली. दादाचं शिक्षण पाचवीपर्यंतचं. अक्षर मोठं, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. तो लिहीत होता आणि धाकटा उभा होता, पेटी हातात, खाली न ठेवता. पान भरलं तेव्हा दादाने फाडून दिलं. धाकट्याने ते उभ्यानेच वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि गेला.

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला. यावेळी नादुरुस्त काही नव्हतं. आला, बसला, एक प्रश्न विचारला. तेव्हापासून हे चालू आहे. कधी आठवड्याने, कधी महिन्याने. तिने काय खाल्लं होतं. शुद्ध कधी गेली. तिच्या अंगावर कोणती साडी होती. माझं नाव घेतलं का, कितीदा. दादा आठवून आठवून लिहितो. कधी एका प्रश्नाला दोन दिवस लावतो. त्या पानांवर काय असतं ते मी पाहिलेलं नाही आणि मागितलंही नाही. दोघं बसलेले असतात तेव्हा खोलीत पेन्सिलीचा आवाज आणि दादाच्या गळ्यातून येणारा तो श्वास, दुसरं काही नाही. धाकटा त्याला दादा म्हणत नाही. अजून एकदाही त्या घरात जेवलेला नाही.

मी त्याला एकदा परतीच्या वाटेवर विचारलं, की त्याने दादाला माफ केलंय का, म्हणजे करणार आहे का. तो चालत राहिला. बराच पुढे गेल्यावर म्हणाला, "ते माफ वगैरे मला कळत नाही, ताई. मला ते दोन दिवस पाहिजेत. ते फक्त त्याच्याकडे आहेत."

मीही तिथेच होते, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण मी ते दोन दिवस कशी होते, काय म्हणत होते, हे आठवलं, आणि गप्प राहिले. त्याने मला माझ्या दारापर्यंत सोडलं. कुलूप उघडेपर्यंत थांबला, आणि मग आपल्या गल्लीकडे वळला.